निनावी छळ आणि सहीचे आरोपी

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' या मथळ्याखाली काही पद्ये छापून आली. त्यांखाली कवीचे नाव नव्हते. भवानी तलवारीच्या निशाणीची एक टोपणसही तेवढी होती. पुढच्याच आठवड्यात, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्या धामधुमीत या पद्यांवर व त्याच अंकातल्या शिवोत्सवाच्या वृत्तान्तावर सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. आरोपीच्या पिंजऱ्यात अर्थातच भवानी तलवार उभी राहिली नाही. उभे राहिले टिळक. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली.

हा प्रसंग मराठी वाचकाला पाठ असतो, पण त्यातली एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लेखक निनावी असला तरी छापलेला कागद निनावी नव्हता. १८६७ च्या छापखान्यांविषयीच्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. वृत्तपत्राच्या मुद्रक-प्रकाशकांना तर दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे. म्हणजे टोपणनावामागे लेखक लपू शके, पण त्याच्या पुढे कोणीतरी नावानिशी उभा असे. निनावीपणाची किंमत दुसऱ्या एकाने चुकती करावी, अशी ही व्यवस्था होती. ती न्याय्य होती असे आम्ही म्हणत नाही. पण ती व्यवस्था होती.

इंटरनेटने ती मोडली. तेथे संपादक नाही, प्रतिज्ञापत्र नाही, मुद्रकाचा पत्ता नाही. कोणीही कोणालाही, कोणत्याही नावाने, किंवा नाव न घेताच, काहीही लिहून पाठवू शकतो. त्यातून जो छळ सुरू झाला तो खरा होता, आजही आहे, आणि त्याचा मोठा वाटा स्त्रियांच्या वाट्याला येतो. त्यावर उपाय म्हणून कायदे आले. मात्र आपल्याकडच्या अशा प्रमुख कायद्याचा इतिहास पाहिला तर एक विपरीत गोष्ट दिसते: चेहरा लपवणाऱ्यासाठी विणलेल्या जाळ्यात चेहरा दाखवणारेच अडकत गेले. हे कसे घडले, हा या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर, आमच्या मते, एका शब्दाच्या प्रवासात आहे.

निनावीपणाची दोन कुळे

साहित्याच्या विद्यार्थ्याने आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा. आपल्या अर्वाचीन गद्याचा पाया घालणाऱ्या लेखनात टोपणनावाचा वाटा मोठा आहे. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये जी शतपत्रे येऊ लागली त्यांखाली 'लोकहितवादी' एवढीच सही असे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि पत्रांचा मारा त्यांच्या स्वतःच्या ज्ञातीवर होता. नावानिशी लिहायचे ठरवले असते तर ती पत्रे त्याच धारेने लिहिली गेली असती काय, हा प्रश्न आम्ही वर्गात दरवर्षी विचारतो आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्यांना सहसा शोधावे लागत नाही. येथे टोपणनाव दुर्बळाला बलवानाविरुद्ध बोलण्याची सोय करून देते. शिवाय ते टिकाऊ असते. 'लोकहितवादी' या नावाला शब्दांची जबाबदारी होती, एका पत्रात म्हटलेले दुसऱ्या पत्रात निभावावे लागत होते.

याउलट दुसरे कूळ आहे ते निनावी चिठ्ठीचे. गावोगाव अशा चिठ्ठ्या हिंडत. कोणाचे लग्न मोडण्यासाठी, कोणाची नोकरी घालवण्यासाठी, एखाद्या विधवेला गावातून उठवण्यासाठी. येथे नाव नसणे हे बलवानाचे किंवा निदान टोळीचे हत्यार असते. सही नसते आणि जबाबदारीही नसते.

नावानिशी लिहिणाऱ्या बाईला काय सोसावे लागते तेही जुने आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. त्यावर जी टवाळी झाली तिला उत्तर देण्यासाठी जोतीराव फुल्यांना १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात लेखणी उचलावी लागली. ताराबाईंचे पुढे दुसरे पुस्तक आले नाही. त्याचे कारण एकच असेल असे आम्ही म्हणणार नाही. पण उपहासाने गप्प केलेल्या लेखिकांचा हिशेब कोणत्याही वाङ्मयेतिहासात नसतो, एवढे म्हणता येईल.

तेव्हा निनावीपणाच्या बाजूने किंवा विरुद्ध सरसकट बोलणाऱ्यांपासून सावध राहावे. एकाच मुखवट्याआड लोकहितवादीही असतो आणि चिठ्ठीबहाद्दरही. चांगल्या कायद्याची कसोटी ही की त्याला दोघांतला फरक कळावा.

जुन्या संहितेचे शहाणपण

असा कायदा आपल्याकडे होता, आणि तो इंटरनेटच्या सव्वाशे वर्षे आधी लिहिला गेला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०३ मध्ये फौजदारी धाकदपटशाची व्याख्या आहे: एखाद्याच्या जिवाला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी देऊन त्याला घाबरवणे किंवा त्याच्याकडून काही करवून घेणे. पुढे कलम ५०७ येते. हीच धमकी निनावी पत्राने दिली असेल, किंवा आपले नाव-गाव लपवण्याची दक्षता घेऊन दिली असेल, तर मूळ शिक्षेव्यतिरिक्त आणखी दोन वर्षांपर्यंत कैद.

या मांडणीतली सूक्ष्मता पाहण्यासारखी आहे. निनावी लिहिणे हा येथे गुन्हा नाही. गुन्हा धमकी हा आहे. निनावीपणा त्याचे गांभीर्य वाढवतो, कारण ज्याला शत्रूचा चेहरा दिसत नाही त्याला प्रत्येक चेहरा शत्रूचा वाटू लागतो. संहितेच्या कर्त्यांना हे मानसशास्त्र कळले होते. शिवाय कलमात पत्राच्या माध्यमाचा उल्लेखच नाही. त्यामुळे ते टपालाला लागू होते, तारेला लागू होते, आणि ईमेललाही लागू होऊ शकत होते. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम ३५१ च्या चौथ्या पोटकलमाच्या रूपाने कायम राहिले आहे.

'त्रास' या शब्दाचा प्रवास

दुसरी परंपरा टपालखात्यातून आली. टिळकांच्या खटल्यानंतरच्या वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने राजद्रोहाचे कलम अधिक रुंद केले. त्याच वर्षीच्या पोस्ट ऑफिस कायद्याने, ज्याच्या पाकिटावर किंवा बाहेरून दिसेल असा अश्लील, राजद्रोही, शिवराळ, धमकीचा किंवा अत्यंत आक्षेपार्ह मजकूर आहे, असे टपाल पाठवण्यास बंदी घातली. 'अत्यंत आक्षेपार्ह' ही शब्दयोजना ब्रिटिश टपाल कायद्यातून घेतलेली होती. लिफाफ्याच्या आत काय लिहिले आहे त्याच्याशी या कलमाला कर्तव्य नव्हते. टपालवाहकाच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेला पडणाऱ्या शब्दांपुरतेच ते होते.

पुढे टेलिफोन आला. इंग्लंडमध्ये १९३५ च्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्याने टेलिफोनवरून अत्यंत आक्षेपार्ह, अश्लील किंवा धमकीवजा संदेश देणे गुन्हा ठरवले. तसेच दुसऱ्याला त्रास, गैरसोय किंवा नाहक चिंता व्हावी या हेतूने खोटा संदेश देणे किंवा वारंवार फोन करीत राहणे, हेही गुन्हा ठरवले. 'त्रास' हा शब्द येथे कायद्यात कसा बसला ते समजण्याजोगे आहे. टेलिफोन घरात वाजतो. रात्री-अपरात्री अनोळखी माणूस वारंवार घंटी वाजवीत असेल तर तो काय बोलला हे गौण. वाजवणे हाच छळ. एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला गाठून दिलेला हा त्रास आहे. ज्याला तो झाला तो सांगू शकतो आणि ज्याने दिला त्याचा हेतू कृतीवरून दिसतो.

हीच शब्दावली १९५३, १९६९, १९८१ आणि १९८४ च्या कायद्यांतून वाहत २००३ च्या ब्रिटिश कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम १२७ मध्ये येऊन थांबली, आणि वाटेत कोणाच्या फारसे लक्षात न येता टेलिफोनची जागा इंटरनेटने घेतली. शब्द तेच राहिले, वस्तू बदलली. टेलिफोनवरचे बोलणे एकाने एकाला उद्देशून केलेले असते. इंटरनेटवरचा मजकूर बहुधा कोणाला उद्देशून नसतोच, तो चव्हाट्यावर ठेवलेला असतो. चव्हाट्यावरचे बोलणे ऐकून कोणाला ना कोणाला त्रास होणारच. किंबहुना ज्या बोलण्याने कोणालाच त्रास होत नाही ते चव्हाट्यावर येऊन बोलण्याचे कारणही नसते.

कलम ६६ अ

भारतात हा शब्द इंटरनेटच्या कायद्यात आला तो २००८ मध्ये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक २२ आणि २३ डिसेंबर २००८ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले. मुंबईवरील हल्ल्याला तेव्हा महिनाही पुरा झाला नव्हता. लोकसभेत गोंधळ चालू असताना, चर्चेविना, ते मंजूर झाले. २७ ऑक्टोबर २००९ पासून दुरुस्ती अमलात आली आणि तिच्यासोबत कलम ६६ अ.

त्याचे तीन भाग होते. पहिला: संगणक किंवा संपर्कसाधनाद्वारे अत्यंत आक्षेपार्ह किंवा धमकीवजा माहिती पाठवणे. दुसरा: खोटी असल्याचे ठाऊक असूनही, त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, धाकदपटशा, वैर, द्वेष किंवा दुर्भावना निर्माण करण्यासाठी माहिती वारंवार पाठवणे. तिसरा: त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा संदेश कोठून आला याविषयी घेणाऱ्याची दिशाभूल व्हावी म्हणून ईमेल किंवा संदेश पाठवणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा जामीनपात्र, पण दखलपात्र. म्हणजे पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येई.

निनावी छळ करणारा या तिसऱ्या भागात स्पष्ट दिसतो. मूळ लपवणारा, खोट्या पत्त्यावरून लिहिणारा. पण यादी पुन्हा वाचावी. 'धाकदपटशा' आणि 'गैरसोय' एकाच रांगेत, एकाच शिक्षेला पात्र. दंड संहितेने ज्या पायऱ्या एकेक करून बांधल्या होत्या त्या येथे सपाट झाल्या. शिवाय पहिल्या भागात ना हेतूची अट, ना खोटेपणाची, ना मजकूर कोणा एकाला उद्देशून असण्याची. अत्यंत आक्षेपार्ह कोणाला, हे कलम सांगत नाही. ते ठरवणार तक्रारदार आणि ठाण्यावरचा अंमलदार.

जाळ्यात कोण आले

२०१२ हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना, मुख्यमंत्र्यांवरचे एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. राजद्रोहाच्या जोडीला ६६ अ होतेच. १८९७ चे कलम आणि २००८ चे कलम एका आरोपपत्रात शेजारी बसावे, हे आम्हांला योगायोगापेक्षा अधिक काही वाटते.

आणि नोव्हेंबरमध्ये पालघर. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील एका तरुण मुलीने फेसबुकवर, हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे, अशा आशयाचे काही लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते पसंत केल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. न्यायालयाने प्रत्येकी पंधरा हजारांच्या जामिनावर दोघींना सोडले. देशभर गहजब झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे खटला मागे पडला.

या सगळ्यांत समान काय आहे? प्राध्यापकांनी ते ईमेलने पुढे पाठवले होते. व्यंगचित्रकाराने सही केली होती. पालघरच्या मुलींनी आपापल्या नावाने, आपापल्या छायाचित्रासह लिहिले होते. यांतला एकही निनावी नव्हता. किंबहुना ते सापडले तेच निनावी नव्हते म्हणून. ज्याला खरोखर छळायचे आहे तो खोटे नाव घेतो, परदेशातल्या सर्व्हरवरून लिहितो, उद्या तिसरे नाव घेतो. त्याला शोधायला तपास लागतो, परकीय कंपन्यांशी पत्रव्यवहार लागतो, चिकाटी लागते. नावानिशी लिहिणाऱ्याला शोधायला फक्त त्याचा पत्ता लागतो. कायद्यात 'त्रास' हा शब्द असला की पोलिसांसमोर दोन वाटा उघडतात, एक अवघड आणि एक सोपी. आणि वरून दूरध्वनी येत असेल तर कोणती धरली जाईल हे सांगावयास नको. दवाखाना फोडणारे तर रस्त्यावर उभेच होते.

याचा बोलण्यावर झालेला परिणाम केवळ अटकांच्या संख्येने मोजता येणार नाही. अटक एकाला होते. वाचून हात आखडतो हजारांचा. त्या आठवड्यात किती जणांनी लिहिलेली ओळ पाठवण्यापूर्वीच खोडली, याची नोंद कोठेही नाही. आणि दुसरा परिणाम याहून उलटा: ज्यांना बोलायचेच होते त्यांना या कायद्याने टोपणनाव घ्यायला शिकवले. निनावीपणा कमी करण्यासाठी आलेल्या कायद्याने सभ्य माणसालाच निनावी होण्याचे कारण दिले.

न्यायालयात

पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने सूचना काढली की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीवाचून या कलमाखाली अटक करू नये. परंतु शब्दातच दोष असेल तर त्याच्या दारात वरिष्ठ पहारेकरी नेमून तो दोष जात नाही. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६ अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवले.

नरिमन यांनी लिहिलेले हे निकालपत्र साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावे, कारण त्याचा मोठा भाग शब्दार्थाची चिकित्सा आहे. कलमाचे मूळ त्यांनी १९३५ च्या त्या ब्रिटिश टेलिफोन-कायद्यापर्यंत नेऊन दाखवले. एखाद्या विषयाची चर्चा, त्याचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गाभ्यात येतात; तिसरीपाशी पोहोचल्यावरच राज्यसंस्थेला हात घालता येतो. एकाला जे आक्षेपार्ह ते दुसऱ्याला नसेल, तेव्हा 'त्रास' आणि 'गैरसोय' अशा शब्दांवर कोणालाही तुरुंगात घालता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र इंटरनेट हे वेगळे माध्यम आहे आणि त्यासाठी वेगळे गुन्हे निर्माण करता येतात, हे सरकारचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. नेमका कायदा करा, एवढेच ते सांगत होते.

मेलेल्या कलमाचे भूत पुढे बराच काळ हिंडत राहिले. पोलीस ठाण्यांत ६६ अ खाली गुन्हे नोंदवले जातच होते. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. महापात्रा यांची खटल्यातून मुक्तता झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. व्यंगचित्र पाठवल्यानंतर जवळपास अकरा वर्षांनी. शिक्षा न होताही माणसाला शिक्षा कशी होते, याचे हे उदाहरण.

नाव सक्तीचे केले तर?

मग निनावीपणावरच बंदी घालावी, असे वारंवार सुचवले जाते. हा प्रयोग एका देशाने केला आहे. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची खरी ओळख पडताळणे बंधनकारक केले. २०११ मध्ये तेथील एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ओळखपत्रांचा साठा करायला लावणाऱ्या धोरणातला धोका त्याने उघडा पडला. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने ही सक्ती एकमताने रद्द केली. बेकायदा लेखन तिच्यामुळे अर्थपूर्ण प्रमाणात घटल्याचे दिसत नाही, आणि टीका करू इच्छिणारे मात्र गप्प होतात, हे त्यामागचे कारण होते.

आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, न्यायालयाचा वा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्यास संदेशाचा पहिला प्रेषक ओळखून देण्याची जबाबदारी टाकली, आणि त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. इंग्लंडने २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टने खोट्या संदेशांच्या गुन्ह्यातून 'त्रास' हा शब्द काढून त्याजागी खऱ्याखुऱ्या शारीरिक वा मानसिक हानीची कसोटी आणली. जेथे शब्द जन्मला तेथेच त्याचे क्षेत्र आता आटू लागले आहे.

नेमका कायदा करता येतो याचा पुरावा आपल्याजवळही आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर न्या. वर्मा समितीच्या शिफारशींपाठोपाठ २०१३ मध्ये दंड संहितेत कलम ३५४ ड आले. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करणे, वारंवार संपर्क साधणे, तिच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे, हा गुन्हा झाला. येथे पीडित व्यक्ती ठरलेली आहे, कृती ठरलेली आहे, वारंवारता ठरलेली आहे. या कलमाने कोणा व्यंगचित्रकाराला पकडता येत नाही. न्याय संहितेत तेच कलम ७८ झाले आहे.

६६ अ मुळे बोलणाऱ्यांचे नुकसान झाले हे सर्वमान्य आहे. ज्यांच्या नावाने तो कायदा केला गेला त्यांचे नुकसान झाले हे सहसा बोलले जात नाही. निनावी धमक्यांनी बेजार झालेली स्त्री ठाण्यावर जाते तेव्हा तिला हवे असते तपासाचे कसब आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारा अंमलदार. सहा वर्षे आपल्या यंत्रणेने ते कसब कमावण्याऐवजी सोप्या अटका केल्या. कलम ५०७ तोवर संहितेत तसेच पडून होते, १८६० पासून.

१८९७ मध्ये सरकारला भवानी तलवार सापडली नाही म्हणून संपादकावर भागवले गेले. पालघरमध्ये दवाखाना फोडणाऱ्या जमावाऐवजी बंद का, असे विचारणाऱ्या मुलीवर भागवले गेले. त्या मुलीने आपले नाव लपवले नव्हते. ज्या समाजाला निनावी छळ संपवायचा आहे त्याने आधी नावानिशी बोलणे सुरक्षित केले पाहिजे.